कुत्र्याच्या तुकड्यावर रस्सा नको : दिंद्रुडच्या ग्रामसभेस खुले पत्र

प्रति,
मा. सरपंच, सर्व ग्रामपंचायत सदस्य आणि ग्रामसभा,
दिंद्रुड, ता. माजलगाव, जि. बीड



ग्रामसभेपुढे पाणी, रस्ता, घरकुल, पीकविमा असे विषय रांगेत उभे असताना कुत्र्याच्या खाण्यावर पत्र का लिहावं, असं आपल्यातल्या काहींना वाटेल. तरी लिहिते आहे, कारण या कामाला निधी लागत नाही, तांत्रिक मंजुरी लागत नाही आणि वरून आदेश यायची वाटही पाहावी लागत नाही. गावानं ठरवलं की झालं. मागणी एकच आहे : दारातल्या, वस्तीवरच्या, शेतातल्या कुत्र्याला आपण जो तुकडा टाकतो, तो तिखटमसाल्यात भिजवून टाकू नये. रस्सा, ठेचा, लसणाची चटणी, काळं तिखट, लोणचं, गाड्यावरची शेजवान चटणी, यातलं काही कुत्र्याच्या पोटात जाऊ नये.

आपल्याकडे कुत्र्यासाठी वेगळं शिजवायची रीत नाही. विकतचं खाद्य आणणारी घरं थोडी. माणसांची जेवणं झाली की उरलेली भाकरी मोडायची, पातेल्याच्या तळाला राहिलेलं कालवण त्यावर ओतायचं आणि दगडीत किंवा फुटक्या पाटीत ठेवायचं. यात दुष्टावा काही नाही, उलट माया आहे. नुसती शिळी भाकरी कुत्रं हुंगतं आणि सोडून देतं. वर रस्सा घातला की चाटूनपुसून खातं. घरच्या बाईला वाटतं, बरं झालं, मुक्या जिवाचं पोट भरलं. चूक त्या मायेत नाही, ती त्या रस्स्यात काय काय असतं हे कुणी सांगितलेलं नसल्यामुळे होते.

दुसरी एक समजूत मात्र मायेतून आलेली नाही. राखणीचं कुत्रं कडक व्हावं म्हणून त्याला मिरच्या चारायच्या. "तिखट चारलं की कुत्रं लई तापट व्हतंय," हे वाक्य आपल्या भागात मी लहानपणापासून ऐकत आले आहे, आणि ऊसतोडीला निघताना कोपीच्या राखणीसाठी सोबत न्यायच्या पिल्लाला मुद्दाम ठेचा चाटवणारी माणसंही आहेत. या दोन्ही सवयींबद्दल मला बोलायचं आहे. आधी मिरचीचं बघू, कारण ते दिसतं. मग कांदा-लसणाचं सांगते. ते दिसत नाही आणि खरा घात तिथे आहे.

मिरची ही चव नाही. जिभेवर गोड-खारट ओळखणाऱ्या कळ्या असतात. माणसाला साधारण नऊ हजार, कुत्र्याला साधारण १,७०० सांगतात. त्यावरून कुणी म्हणेल, कुत्र्याला तिखट कमीच लागत असणार. तसं होत नाही. मिरचीतला कॅप्सायसिन हा घटक चवीच्या कळ्यांवर काम करत नाही, तो वेदनेच्या नसांवर काम करतो. ४३ अंशांच्या पुढची उष्णता लागली की जागा होणारा एक ग्राहक त्या नसांच्या टोकांवर असतो. कॅप्सायसिन नेमका तोच ग्राहक उघडतो आणि मेंदूला निरोप जातो की तोंड भाजतंय. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं १९९७ साली हा ग्राहक शोधून काढला आणि २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना आर्डेम पटापुटियन यांच्यासोबत विभागून मिळालं. पक्ष्यांच्या अंगातल्या याच ग्राहकाची घडण वेगळी असल्यानं त्याच्यावर कॅप्सायसिनचा परिणाम होत नाही, म्हणून पोपट हिरवी मिरची सुखानं कुरतडतो. कुत्रं सस्तन प्राणी आहे. त्याला भाजतं, आपल्यासारखंच भाजतं.

आपल्याला ही आग आवडायला लागली ती सवयीनं. पोर पाच-सहा वर्षांचं होईपर्यंत आई त्याचं वरण वेगळं काढते, मग हळूहळू तिखट वाढवते. आणि ती मिरचीसुद्धा आपल्या मातीतली नव्हे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती अमेरिका खंडातून इकडे आली. त्याआधी आपल्या रानात मेंढरं राखणाऱ्या कुत्र्यांच्या शेकडो पिढ्या मिरचीचं बी न बघता राखण करत होत्या आणि लांडग्यावर धावून जात होत्या. राखण मिरचीतून येत नाही. ती जातीतून, धन्याच्या सहवासातून आणि भरल्या पोटातून येते. मिरची खाल्लेलं पिल्लू चिडचिड करतं ते तोंड आणि पोट जळत असल्यामुळे. ज्या हातानं जाळ दिला त्या हातावर ते गुरगुरायला लागतं आणि आपण म्हणतो, बघा, तापट झालं. असं कुत्रं चोर आणि घरचं पोर यांत फरक करीलच असं नाही.

एखादा घास तिखट गेला म्हणून धडधाकट कुत्रं मरत नाही, हेही सांगायला हवं, नाहीतर माझं बाकीचं बोलणं कुणी खरं मानणार नाही. लाळ गळते, ते तोंड जमिनीवर घासतं, शिंका देतं, पाणी शोधतं, थोड्या वेळानं ओकतं किंवा दुसऱ्या दिवशी पातळ हगतं. मोठ्या कुत्र्याचं एवढ्यावर निभावतं. पण दोन महिन्यांच्या पिल्लाच्या, म्हाताऱ्या किंवा आधीच खंगलेल्या कुत्र्याच्या अंगातलं पाणी ओकारी-जुलाबात झपाट्यानं जातं. आपला मे महिना आठवा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर काढतं आणि त्या धापांबरोबर पाणी उडत राहतं. चाळीस अंशांच्या दुपारी, पाणवठा कोरडा असताना, रस्सा खाऊन जुलाब लागलेलं पिल्लू कशानं मेलं याची चौकशी कोणी करत नाही.

आता कांदा-लसूण.

आपल्या कालवणाचा पाया वाटणात असतो हे मी आपल्याला सांगायला नको. कांदा भाजायचा, खोबरं भाजायचं, लसूण, आलं, कोथिंबीर घालून पाट्यावर किंवा मिक्सरात वाटायचं, वर काळा मसाला. कित्येक घरांच्या मसाल्यातही वाळवून तळलेला कांदा आणि लसूण असतो. म्हणजे तिखट बेतानं घातलेला, माणसाला गोडसर लागणारा रस्सादेखील कुत्र्याच्या दृष्टीनं कांद्या-लसणाचा काढाच असतो. शेजवान चटणी, तयार सॉस, नूडल्सच्या मसाल्याची पुडी, बटाट्याच्या चिप्स यांच्या पाकिटांवरची घटकांची यादी वाचून बघा. कांद्याची पूड आणि लसणाची पूड बहुतेक ठिकाणी सापडेल.

कांद्यात, लसणात, पातीत गंधकाची संयुगं असतात. डोळ्यांत पाणी आणणारी आणि लसणाला त्याचा वास देणारी द्रव्यं याच कुळातली. माणसाचं रक्त ती सोसतं. कुत्र्याच्या तांबड्या पेशींमध्ये मात्र ती प्राणवायू वाहून नेणारं हिमोग्लोबिन बिघडवतात. बिघडलेल्या हिमोग्लोबिनच्या गाठी पेशीच्या कडेला चिकटतात. जर्मन वैद्यक रॉबर्ट हाइन्झ यांनी १८९० मध्ये अशा गाठींचं वर्णन केलं म्हणून त्यांना हाइन्झ पिंड म्हणतात. अशा पेशी फुटतात किंवा प्लीहा त्यांना मोडून काढते. शरीर नव्या पेशी घडवण्याआधीच जुन्या संपत जातात आणि जनावराला रक्तक्षय होतो. ही काल-परवाची माहिती नाही. कुत्र्यांना कांदा खाऊ घातल्यावर त्यांचं रक्त कमी होतं, हे अमेरिकेत १९३० मध्येच छापून आलं होतं. जवळजवळ शंभर वर्षं होत आली आणि आपल्या पंगतींपर्यंत ते अजून पोचलेलं नाही.

किती कांदा धोक्याचा? पशुवैद्यकाच्या पुस्तकांत दिलेला ढोबळ हिशेब असा : कुत्र्यानं एका वेळी आपल्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त कांदा खाल्ला तर विषबाधेची लक्षणं दिसतात. गावातलं मध्यम कुत्रं १६ किलोचं धरलं तर ८० ग्रॅम, म्हणजे मध्यम आकाराचा एक कांदा. तीन किलोच्या पिल्लाला १५ ग्रॅम, म्हणजे कांद्याच्या दोन-तीन फोडी. शिजवल्यानं, तळल्यानं, वाळवल्यानं हे विष जात नाही. उलट वाळवल्यानं ते एकवटतं. ओल्या कांद्यात शंभरातले ऐंशी-नव्वद भाग पाणीच असतं, म्हणून दहा ग्रॅम कांदापुडीत जवळपास एका अख्ख्या कांद्याचा ऐवज असतो. लसूण वजनाला कांद्यापेक्षा कितीतरी तेज मानतात. आणि एका वेळी थोडं थोडं, पण रोज खाल्लं, तरी रक्तावरचा मार साचत जातो. रोज संध्याकाळी रस्सा-भाकरी खाणाऱ्या कुत्र्याचं नेमकं हेच होतं.

या विषाची सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे त्याचा उशीर. मिरचीचा परिणाम डोळ्यांदेखत होतो. कांद्याचा परिणाम एक दिवसानं, तीन दिवसांनी, कधी आठवड्याच्या आत केव्हातरी वर येतो. तोवर जेवण विसरलेलं असतं. कुत्रं मलूल होतं, खाणं सोडतं, चार पावलांत धापा टाकतं. ओठ उचलून पाहिले तर हिरड्या पांढुरक्या दिसतात, कधी पिवळ्या. लघवी तांबडी होते. घरची माणसं म्हणतात, कुणीतरी विष घातलं, नाहीतर पान लागलं असेल. जाणता माणूस असेल तर तो गोचीडतापाचं नाव घेतो आणि त्याचंही चुकत नाही, कारण गोचिडीनं येणाऱ्या तापातही हिरड्या फिक्या पडतात आणि लघवी लाल होते. म्हणूनच माझी विनंती आहे की कुत्र्याला दवाखान्यात नेलं तर मागच्या आठवड्यात गावात कुणाकडे काय जेवण होतं, हेही डॉक्टरांना सांगावं. रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर दोन्हींतला फरक कळू शकतो.

आता हे आपल्या गावाच्या वर्षात कुठे येतं ते बघा. हरिनाम सप्ताहाच्या काल्याला बहुतेक ठिकाणी कांदा-लसूण वर्ज्य असतो. पोळी, भात, बुंदी, आमटी. त्या पंगतीचं उष्टं कुत्र्यानं खाल्लं तर तिखट आणि गोडापुरताच त्रास. चातुर्मासात ज्या घरांत कांदा-लसूण बंद असतो त्या घरचं कुत्रं ते चार महिने सुखात असतं, असंही म्हणता येईल. पण लग्नसराई आणि कंदुरी ही वेगळी गोष्ट आहे. कंदुरीचा रस्सा म्हणजे घमेल्यांनी कांदा, पसाभर लसूण, वर बोटभर तेलाचा तवंग. शेकडो माणसं जेवून उठतात आणि पत्रावळी एका कोपऱ्यात टाकल्या जातात. गावभरची कुत्री तिथे जमतात. घरी पातेल्यातलं थोडंसं उरतं. इथे एकेक कुत्रं रात्रभर खातं. रस्सा, तोंडी लावायच्या कच्च्या कांद्याच्या फोडी, लोणच्याचा खार, शिजलेली हाडं. शिजलेलं हाड दाताखाली टोकदार फुटतं आणि आतड्यात रुततं, तो आणखी एक धोका. एवढं तेल एका वेळी पोटात गेल्यानं स्वादुपिंडाला सूज येऊ शकते; कुत्रं पाठ वाकवून उभं राहतं, ओकत राहतं, पोटाला हात लावू देत नाही. मग दोन-चार दिवसांनी गावात दोन कुत्री मरून पडतात आणि कुणी कंदुरीचं नाव काढत नाही.

मिठाचंही थोडक्यात सांगते. किलोमागे दोन-तीन ग्रॅम मीठ गेलं की कुत्र्याला मिठाची विषबाधा होऊ शकते. लोणच्याच्या बरणीचा तळ, पापडाचा उरलेला लाट्या-पिठाचा गोळा, खारवलेल्या मिरच्या हे उकिरड्यावर उघडं टाकू नये. आणि एक उपाय जो लोक हमखास करतात तो कधीही करू नये : कुत्र्यानं काही वाईट खाल्लं म्हणून ओकारी काढायला मिठाचं पाणी पाजणं. त्या पाण्यानंच कुत्री दगावतात.

लसणाबद्दल आणखी एक समजूत आहे, ती मोडणं मला अवघड जाणार आहे, कारण ती औषध म्हणून चालते. "लसूण दिला की जंत पडतात" असं म्हणत पिल्लांना पाकळ्या चारतात. जपानमध्ये होक्काइदो विद्यापीठात २००० च्या सुमाराला कुत्र्यांना सात दिवस लसणाचा अर्क देऊन पाहिला होता, किलोमागे पाच ग्रॅम लसणाच्या हिशेबानं. त्यांच्या तांबड्या पेशी बिघडलेल्या आढळल्या आणि कुत्र्यांना लसूण देऊ नये असा निष्कर्ष त्या संशोधकांनी काढला. जंत झालेल्या पिल्लात आधीच रक्त कमी असतं. त्याला लसूण देणं म्हणजे उरलंसुरलंही घालवणं. जंताचं औषध पशुवैद्यकाकडे मिळतं, ते पिल्लाच्या वजनावर देतात आणि महागही नसतं.

भाव पडले की बांधावर, रस्त्याकडेला कांदा ओतला जातो, तोही विषय इथेच सांगून ठेवते. शेळ्या-मेंढ्यांना कांदा बऱ्यापैकी सोसतो. गाई-म्हशींना तेवढा सोसत नाही आणि कुत्र्या-मांजरांना तर अजिबात नाही; मांजर कुत्र्याहूनही नाजूक. तोट्यात गेलेला कांदा निदान जनावरांच्या तरी मुखी लागावा, ही शेतकऱ्याची भावना मी समजू शकते. पण दावणीत नुसता कांदा टाकू नये, आणि सडका ढीग गावाजवळ टाकण्यापेक्षा खतात घालावा.

तिखटाचा तिसरा उपयोग पोटातला नाही. भटकी कुत्री दारात बसू नयेत म्हणून उंबऱ्याबाहेर तिखटाची पूड टाकणं, अंगावर आलं तर मूठभर तिखट डोळ्यांत फेकणं. कुत्र्याचा सगळा संसार नाकावर चालतो. त्या नाकात आणि डोळ्यांत तिखट गेलं तर ते आंधळ्यासारखं सैरावैरा धावतं आणि वाटेत येणाऱ्याला चावतं. गल्लीत खेळणारी पोरं तिथेच असतात. आणि याहून भयंकर प्रकार म्हणजे कुत्रं चावलेल्या जखमेत तिखट भरणं. आपल्या भागात हा उपाय अजून होतो हे आपण नाकारू नये. तिखटानं, चुन्यानं, हळदीनं पिसाळलेपणाचा विषाणू मरत नाही. जखमेची आग वाढते, आणि उपचार झाला या समजुतीत लस राहून जाते. हा रोग एकदा अंगात दिसू लागला की जवळजवळ कुणीच वाचत नाही. जखम साबणानं आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करायची. कुत्र्याच्या खाण्याबद्दलच्या या पत्रातलं एकच वाक्य ग्रामसभेत वाचून दाखवायचं असेल तर हे दाखवा.

मग कुत्र्याला द्यायचं काय? भाकरीच. कुत्र्याला मांसच हवं, भाकरी त्याला चालत नाही, असं शहरातून कुणी सांगितलं तर ऐकू नका. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातले एरिक अॅक्सेल्सन आणि त्यांचे सहकारी यांनी २०१३ साली 'नेचर' नियतकालिकात दाखवून दिलं की लांडग्याच्या अंगात पिष्ट पचवणाऱ्या एका जनुकाच्या दोनच प्रती असतात आणि कुत्र्याच्या अंगात चारपासून तीसपर्यंत. माणूस शेती करू लागला, धान्य खाऊ लागला, तेव्हा त्याच्या दाराशी राहिलेलं हे जनावर धान्य पचवायला शिकलं. ज्वारीची भाकरी त्याच्या रक्तात बसली आहे. कांदा-लसूण बसलेला नाही.

कोरडी भाकरी ते खात नाही, ही अडचण खरी. त्याला उत्तर सोपं आहे. ताकात किंवा थोड्या दह्यात कुस्करा. मठ्ठ्यात नको, त्यात मीठ आणि मिरची असते. तुरीच्या डाळीचं वरण फोडणी घालण्याआधी पळीभर बाजूला काढा, हळद असली तरी चालेल. कधी उकडलेलं अंडं. मटण शिजवायचं असेल तर वाटण घालण्याआधीचं अळणी पाणी घ्या, पण ते अळणी नुसतंच असावं, कांदा-आलं-लसूण घालून उकळलेलं नव्हे. आणि शेजारी पाण्याचं भांडं. उन्हाळ्यात ते दिवसातून दोनदा भरावं.

आपल्या परंपरेत हे सगळं आहेच. मराठवाड्यातल्या नरसीचे संत नामदेव. कुत्र्यानं त्यांची पोळी पळवली तर ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही कथा आपल्या कीर्तनांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. पोळी कोरडी आहे, घशात अडकेल, ही त्यांची काळजी. आणि त्यांच्या हातात तूप होतं. पितरांच्या पानाआधी गाईचा आणि कावळ्याचा घास काढतात तसा श्वानबलीही काढतात. दत्ताच्या पायाशी कुत्री आहेत, खंडोबाच्या घोड्यासोबत कुत्रं आहे. यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते : हे घास जेवण सुरू होण्याआधी काढले जातात. माणसाचं उरलंसुरलं म्हणून नव्हे, त्याचा वाटा म्हणून. तीच रीत रोजच्या स्वयंपाकात आणता येईल. फोडणीआधी, वाटणाआधी कुत्र्याचा वाटा काढून ठेवायचा.

डिसेंबर २०२१ मध्ये आपल्याच तालुक्यातल्या लऊळ गावची बातमी जगभर गेली होती. माकडं कुत्र्याची पिल्लं उचलून झाडांवर, छपरांवर नेत होती आणि ती पिल्लं वरून पडून, उपाशी राहून मरत होती. वनखात्यानं दोन माकडं पकडून नेली. किती पिल्लं मेली याचे वेगवेगळे आकडे छापून आले. पण त्या आठवड्यात माजलगाव तालुक्यातल्या कुत्र्यांबद्दल सगळ्यांना हळहळ वाटली, हे खरं. ती हळहळ मला आठवते, आणि म्हणूनच वाटतं की आपल्या माणसांना सांगितलं तर ती ऐकतील.

कायद्याचं म्हणाल तर तोही आहे. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा, कलम ११, जाणूनबुजून प्राण्याला अपायकारक पदार्थ देणं गुन्हा मानतो. पहिल्या गुन्ह्याचा दंड मात्र अजून दहा ते पन्नास रुपये एवढाच आहे. विष घालून प्राणी मारला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि केंद्र सरकारच्या २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत, विसाव्या नियमात, वस्तीतल्या कुत्र्यांना खाऊ घालण्याची जागा आणि वेळ ठरवण्याची जबाबदारी स्थानिक संस्थेच्या प्रतिनिधींवरही टाकली आहे. ती जागा लहान मुलं खेळतात तिथून आणि येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर असावी असं त्यात म्हटलं आहे. मला रस्सा टाकणाऱ्या एकाही बाईवर गुन्हा दाखल व्हायला नको आहे. दिंद्रुडच्या पोलीस ठाण्याला याहून मोठी कामं आहेत. म्हणूनच हे पत्र ठाण्याला न पाठवता ग्रामसभेला लिहिलं आहे.

ग्रामसभेनं काय करावं ते सांगते. लग्न, कंदुरी, जावळ, वाढदिवस, कुठलीही मोठी पंगत असली की पत्रावळी उघड्यावर न टाकता खड्ड्यात टाकून त्याच रात्री माती ओढायची, आणि रस्सा न लागलेल्या भाकऱ्या, पोळ्या, साधा भात वेगळ्या टोपलीत जमा करून गावाबाहेरच्या ठरलेल्या जागी ठेवायचा. मंगल कार्यालयवाले, आचारी आणि मंडपवाले यांना हे आधी सांगून ठेवलं तर काम सोपं होईल. पहिल्या दोन-तीन जेवणांना ग्रामपंचायतीचा एखादा माणूस हजर राहिला तर आणखी सोपं. पाण्याच्या टाकीजवळ एक उथळ हौद किंवा दगडी कुंडी ठेवावी, कोंबड्या-चिमण्यांनाही उपयोग होईल. गावातल्या बचत गटांच्या ज्या बायका मसाले आणि चटण्या करून विकतात, त्यांनी पाकिटावर एक ओळ छापावी : या मसाल्यात कांदा-लसूण आहे, कुत्र्या-मांजरांना देऊ नये. मोठ्या कंपन्या ही ओळ छापत नाहीत. आपल्या बायकांनी छापली तर गिऱ्हाईक कमी होणार नाही, उलट विश्वास वाढेल. शाळेत एका परिपाठाला हा विषय घ्यावा. घरातल्या कुत्र्याला तुकडा टाकायचं काम बहुधा पोरांकडेच असतं.

आणि एखाद्या कुत्र्यानं भरपूर रस्सा किंवा कांदा खाल्ल्याचं त्याच वेळी लक्षात आलं तर वाट बघत बसू नये. ठेचा-चटणी खाल्ली असेल आणि नुसती लाळ गळत असेल तर पाणी द्यावं, थोडं दही-भाकरी द्यावी. दह्या-दुधातलं प्रथिन मिरचीचा जाळ धरून ठेवतं. मात्र कांदा-लसूण पोटात गेला असेल तर पहिल्या एक-दोन तासांत पशुवैद्यक ते बाहेर काढू शकतात, त्यानंतर अवघड होतं. जनावरांसाठीचा १९६२ हा मदत क्रमांक पंचायतीच्या फलकावर ठळक लिहून ठेवावा. रक्त फार कमी झालं असेल तर परभणीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्याला त्यातल्या त्यात जवळ आहे.

येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय शेवटच्या क्रमांकाला घेतला तरी चालेल. ठराव दोन ओळींचा पुरेल : मोठ्या पंगतीचं खरकटं उघड्यावर टाकायचं नाही, आणि कुत्र्याचा वाटा मसाल्याआधी काढायचा. आपण तो केलात तर पहिल्या लग्नसराईत भाकरीच्या टोपल्या उचलायला आणि बायकांशी बोलायला मी स्वतः येईन. तसा निरोप द्यावा.

आपली,
माजलगाव तालुक्यातली एक रहिवासी